तिसरी पायरी

सहाला पाच मिनिटं कमी असताना थियाने दोन पिशव्या फोडल्या आणि आजोबांच्या मोठ्या लाकडी वाडग्यात खाऊ ओतला. शेंगदाण्याची चॉकलेटं वर, साधी मधे आणि तळाशी काळ्या-नारिंगी मेणकागदातल्या काकवीच्या टॉफ्या. या टॉफ्या कुणालाच आवडत नसत. दाताला चिकटत आणि जळक्या साखरेसारख्या लागत. पण आजोबांच्या लहानपणी हॅलोवीनला त्याच मिळायच्या, म्हणून दर वर्षी एक पुडा घरात यायचाच.

गेल्या वर्षीपर्यंत हे काम आजोबांचं होतं. सेंट लुईसच्या दक्षिण भागातली ती विटांच्या घरांची गल्ली आजोबांना, म्हणजे एमिल ब्रोकमायरला, ओळखायची ती या एका संध्याकाळमुळे. त्या शहरात नुसतं दार वाजवून खाऊ मिळत नाही, आधी विनोद सांगावा लागतो. बाकीचे लोक विनोद ऐकायचे, हसायचे आणि मुलांच्या पिशवीत काहीतरी टाकायचे. आजोबांनी त्याची स्पर्धा करून टाकली होती. उत्तर त्यांनी ओळखलं तर एकच चॉकलेट. नाही ओळखलं तर ते दोन्ही हात वर करून म्हणायचे, "हरलो! पाहिजे ते घे!" मग वाडग्यात कोपरापर्यंत हात घालायची परवानगी. त्यांना सगळी उत्तरं पाठ होती, तरी संध्याकाळभर ते हरत बसायचे.

मागच्या हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले ते आवाजाशिवाय. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक शीर फुटली. उजवा हात लुळा पडला तो हळूहळू थोडा सुधारला, पण शब्द काही परत आले नाहीत. तेव्हापासून त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, व्हरांड्याच्या खिडकीला लागून होता. उशाशी एक छोटा पांढरा फळा होता, त्यावर ते डाव्या हाताने लिहीत. आणि एक चमचा होता. हाक मारायची असली की तो पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवत.

आई कोट चढवत आली. ती दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीला जायची.

"साडेआठला व्हरांड्याचा दिवा बंद," ती म्हणाली. "दिवा बंद म्हणजे कार्यक्रम बंद, कितीही गोड चेहऱ्याचं पोर येऊ दे. आणि आत कुणाला घ्यायचं नाही."

"माहितीये, आई."

"माहितीये तर मग काकवीच्या टॉफ्या आधी संपव. मागच्या वर्षीच्या अजून डब्यात आहेत." ती वाकली, आजोबांच्या कपाळावर ओठ टेकवले. "बाबा, पोरीवर लक्ष ठेवा."

आजोबांनी चमचा एकदा वाजवला. म्हणजे हो.

आई गेल्यावर थियाने खिडकी दोन बोटं उघडली, म्हणजे त्यांना विनोद ऐकू येतील. "असं करू," ती म्हणाली. "चांगला असला तर एक टोला. रद्दड असला तर दोन."

पण आजोबा फळ्यावर काहीतरी लिहीत होते. डाव्या हाताची अक्षरं वाकडीतिकडी यायची, म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

*एक जण येईल. त्याला हरले म्हणू नको.*

"कोण? कोपऱ्यावरच्या सॅलचा थोरला? तो तर खाऊ न्यायला हातगाडीच घेऊन येतो."

त्यांनी मान हलवली. बाहीने फळा पुसला. पुन्हा लिहिलं.

*मागच्या वर्षी मी म्हणालो.*

मग त्याच्याखाली, आणखी वाकडं: *पाहिजे ते घेतलं त्याने.* आणि डावा हात त्यांनी आपल्या गळ्यावर ठेवला.

थियाने फळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. औषधांनी कधीकधी त्यांच्या डोळ्यांवर साय आल्यासारखी दिसे, तशी आज नव्हती. पलंगामागच्या भिंतीवर नेहमीचा फोटो होता. याच घराच्या पायऱ्या, पायऱ्यांवर दोन मुलगे. मोठा नऊ वर्षांचा एमिल. धाकटा वॉली, चादर पांघरून भूत झालेला, फक्त डोळ्यांना भोकं. पुढच्या हॅलोवीनला वॉली तापाने पडून होता आणि त्याच रात्री वरच्या खोलीत वारला. आजोबा त्याच्याबद्दल कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "त्याने पडल्यापडल्या एक विनोद रचला होता. मी म्हटलं, आधी गल्ली फिरून येतो, मग उत्तर सांग. ते ऐकायचं राहिलं."

थियाचा स्वभाव असा की भीती वाटली तर ती तोंड फिरवत नसे. उलट जास्त नीट बघायची.

"बरं," ती म्हणाली. "तुमचं आणखी काही मी कुणाला नेऊ देणार नाही. आणि मी हरत नाही, तुम्हाला माहितीये. सोंगट्यांमध्ये तुम्हाला कोण हरवतं?"

आजोबांनी तर्जनी उचलून स्वतःकडे दाखवली. म्हणजे, मीच हरतो, मुद्दाम.

"खोटारडे!" ती हसली आणि वाडगा घेऊन बाहेर गेली.

पहिल्या तासात गल्ली नुसती फुलली होती. शेजारच्या व्हरांड्यासमोर मिस ओडेसाने लोखंडी घमेल्यात लाकडं पेटवली होती आणि ब्लँकेट गुंडाळून ती राणीसारखी बसली होती. दारूच्या कारखान्याकडून वारा येत होता, त्याला उकडलेल्या सातूचा गोडसर वास होता. फुटपाथभर झाडांची काटेरी गोल फळं पडली होती. मुलं त्यांवरून चालली की कुरकुर, कडकड असा आवाज व्हायचा, त्यामुळे कोण येतंय ते आधी कानाला कळायचं.

"तिसरी पायरी सांभाळून!" थिया प्रत्येकाला सांगायची. पाच पायऱ्यांतली मधली, तिसरी, आजोबांच्या वडिलांच्या काळापासून डगमगत होती. दर उन्हाळ्यात ती दुरुस्त करायचं ठरायचं. सांगूनही मुलं तीवरच पाय द्यायची, दगड टक्क वाजायचा आणि एखादी परी किंवा अंतराळवीर धडपडायचा. वीस वर्षं पत्रं टाकणारा पोस्टमनसुद्धा अजून विसरायचा.

"सांगाड्याला गुपित का सांगू नये?" एका मांजरीने विचारलं.

"का बरं?"

"कारण त्याच्या पोटात काहीच राहत नाही!"

आतून चमचा वाजला. एक टोला. मांजर खूश होऊन उडी मारत गेली.

"भोपळ्याला परीक्षेत किती मिळाले?" हा एक समुद्री चाचा होता, त्याची मिशी गालावर आली होती.

"भोपळा," थिया म्हणाली.

"ए, तुला कोणी सांगितलं!"

"तुझ्याआधी सहा जणांनी. घे, एकच."

"म्हातारा बरा होता!" चाचा कुरकुरला. "तो हरायचा."

"म्हाताऱ्याला सगळं ऐकू येतंय हं," मिस ओडेसा शेजारून ओरडली. खिडकीतून दोन टोले आले, आणि ती इतकी हसली की ब्लँकेट खाली घसरलं. "एमिल, अरे अजून हयात आहेस तर! थिया, बाळा, छान चालवलंयस दुकान. पण जरा हर की. कंजूस दिसतेस."

मग थिया हरली. पंख लावलेल्या तीन वर्षांच्या एका माशीने नुसतंच "माशी!" म्हणून स्वतःच खदाखदा हसून घेतलं, तेव्हा हरली. ममीशी व्यवहार का करू नये, कारण ती गुंडाळते, हे चौथ्यांदा ऐकूनही हरली. प्रत्येक वेळी तोंड उघडायच्या आधी ती समोरच्याकडे नीट बघून घ्यायची. बूट, हात, गल्लीत थांबलेली आई किंवा बाप. मग म्हणायची, "हरले, पाहिजे ते घे."

आठ वाजून गेल्यावर गर्दी ओसरली. मिस ओडेसाने घमेल्यावर पाणी ओतलं, ओल्या राखेचा वास पसरला. "चल पोरी, माझी हाडं आता मिरवणूक काढतील," असं म्हणून ती आत गेली आणि तिचा दिवा विझला. पाठोपाठ समोरचाही विझला. गल्लीत आता थियाच्या डोक्यावरचा पिवळा दिवा तेवढा होता. लांब कुणीतरी मुलांना हाका मारत होतं. मग तेही थांबलं.

सव्वाआठचा सुमार असेल. ती वाडग्यात वाकून पाहत होती. वर केलं तोंड, तर पायऱ्यांच्या तळाशी एक मूल उभं होतं.

पावलांचा आवाज आला नव्हता. एवढी काटेरी फळं होती, पण एकही वाजलं नव्हतं.

सात-आठ वर्षांचं असेल. अंगावर चादर, डोळ्यांना भोकं. आजकालची मुलं विकतचे पोशाख घालतात, त्यामुळे चादरीतलं भूत त्या संध्याकाळी हे पहिलंच. चादरीच्या काठाला निळी रेघ होती आणि खांद्याजवळ इस्त्रीचा जळका तपकिरी डाग. एका बाजूला वाण्याची जाड कागदी पिशवी लोंबत होती. ती धरणारा हात मात्र दिसत नव्हता.

"ये की," थिया म्हणाली. तिचा आवाज ठीक होता. "सांग तुझा विनोद."

"एक पोरगा गल्लीतल्या सगळ्या घरी गेला," चादर म्हणाली. "एकाच घरी गेला नाही. का?"

थियाच्या हातातला वाडगा जड झाला.

आवाज मुलाचा नव्हता. वाळूत फावडं ओढावं तसा, जुन्या सिगारांनी खरवडलेला, शेवटचा शब्द जरा लांबवणारा. वर्षभर ती जो आवाज आठवायचा प्रयत्न करत होती आणि जो थोडा थोडा पुसट होत चालला होता, तो. आजोबांचा आवाज.

खिडकीच्या आत चमचा वाजू लागला. टण टण टण. एक नाही, दोन नाही. थांबेचना.

"ऐकतेय मी, आजोबा," ती मान न वळवता म्हणाली. मग चादरीकडे. "त्या घराचा दिवा बंद होता, म्हणून?"

"नाही."

आणि मूल पहिल्या पायरीवर आलं.

आत चमच्याचा वेग कमी झाला. थियाच्या ते लक्षात आलं, आणि त्यामागचा अर्थही. एक चुकलं की एक पायरी. आणि वर, दाराच्या आत, दोन हातांवर पलंग.

"त्या घरी कुत्रा होता?"

"नाही."

दुसरी पायरी. चमचा आता सावकाश वाजत होता, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसा. टण... टण...

"हरलीस?" आजोबांच्या आवाजात त्याने विचारलं. विचारताना त्याची भोकं तिच्याकडे नव्हतीच. वाडग्याकडेही नव्हती. ती खिडकीकडे वळलेली होती. "हरलीस तर सांग. मग मी पाहिजे ते..."

"घाई करू नकोस," थिया म्हणाली. "आमच्याकडे घाई चालत नाही." आवाज तिच्या ताब्यात होता. "त्या घरी काकवीच्या टॉफ्या देतात. म्हणून?"

चादरीखाली काहीतरी हललं. हसू असावं. "नाही..."

मुलाने पाय उचलला. सवयीने थियाचं तोंड उघडलं, तिसरी पायरी सांभाळून, असं म्हणायला. पण म्हणावं लागलं नाही. मूल खाली न बघता, न अडखळता तिसरी पायरी ओलांडून सरळ चौथीवर आलं.

चमचा थांबला.

आता ते तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. चादरीला ओल्या राखेचा नव्हे, दुसराच वास येत होता. कापराचा, आणि फार दिवस बंद असलेल्या खोलीचा. खिडकीतून आजोबांचा श्वास ऐकू येत होता. आत जात होता, आणि बाहेर येताना मधेच अडकत होता. एकच पायरी उरली होती. म्हणजे एकच उत्तर.

थियाने घाई केली नाही. ती ज्यात पटाईत होती तेच तिने केलं. तिने बघितलं.

संध्याकाळभरात साठ-सत्तर मुलं चढली असतील. सगळी त्या पायरीवर धडपडली. पोस्टमन धडपडतो. मिस ओडेसा चाळीस वर्षं शेजारी राहते, ती अजून त्या दगडाला शिव्या घालते. ती पायरी न बघता कोण ओलांडतं? आई. आजोबा. ती स्वतः.

घरचीच माणसं.

"एका घरी तो गेला नाही," ती सावकाश म्हणाली, "कारण ते त्याचंच घर होतं."

डोक्यावरच्या दिव्याभोवती एक पतंग फिरत होता, त्याचे पंख काचेला लागल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग चादरीखाली कुणीतरी खुदकन हसलं. पातळ, उंच, दुधाच्या दातांमधून हवा निसटावी तसं हसू. "बरोबर!" आणि आता आवाज लहान मुलाचाच होता. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"कधी?"

"पायाने," थिया म्हणाली आणि वाडगा पुढे केला. "ओळखलं की एकच. नियम म्हणजे नियम."

चादरीचा काठ वर उचलला गेला आणि वाडग्यात उतरला. चांगली चांगली चॉकलेटं बाजूला सारत तो तळापर्यंत गेला आणि एक काकवीची टॉफी घेऊन वर आला. एकच.

दूरच्या चर्चच्या घड्याळात साडेआठचा टोला पडला. थियाने चादरीवरची नजर काढली नाही. हात मागे नेऊन चाचपडत तिने बटण दाबलं. अंधार झाला. डोळे सरावले तेव्हा पायऱ्या मोकळ्या होत्या. गल्लीतून जाणाऱ्या पावलांचा आवाज आला नाही. एकही फळ कडकडलं नाही.

ती आत आली, दार लावलं, कडी घातली. आजोबा उशीला टेकून बसले होते. चमचा जमिनीवर पडला होता.

"आजोबा, मी हरले नाही," ती म्हणाली.

त्यांचा गळा हलला. एकदा. दोनदा.

"काय..." वाळूत फावडं ओढल्यासारखा आवाज आला. "काय सांगितलंस त्याला?"

थिया मटकन पलंगाच्या कडेवर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती नुसतीच म्हणत होती, "बोललात. आजोबा, तुम्ही बोललात."

"उत्तर, पोरी. उत्तर काय होतं?"

"तो त्या घरी गेला नाही, कारण ते त्याचंच घर होतं."

आजोबांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. नऊ वर्षांच्या मुलासारखे, तोंडावर हात धरून.

"सत्तर वर्षं," ते म्हणाले. "सत्तर वर्षं डोकं खाजवतोय. आणि एवढं साधं!" त्यांनी डोळे पुसले. मग ते तिच्या खांद्यावरून मागे, दारासमोरच्या जिन्याकडे बघू लागले. हसू तसंच होतं, पण आवाज उतरला होता. "त्याला मोठ्याने सांगितलंस ना? हे त्याचं घर आहे म्हणून?"

"हो..."

"मग जिन्यातला दिवा लाव, बाळा. त्याला अंधारात वर जायला भीती वाटते."

थिया उठली. जिन्याशी गेली, दिवा लावला. जिना रिकामा होता. ती परत आली, खोलीचं दार लोटून त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत घेऊन ठेवला. तो गरम होता. ते तिचे होते, इथे होते, बोलत होते. तिला हेच हवं होतं आणि हे तिने मिळवलं होतं.

नऊ वाजता मागचं दार वाजलं. आई बोळातून स्वयंपाकघरात आली. किल्ल्या टेबलावर पडल्या.

"थिया! जिन्यातला दिवा कशाला जळतोय?" पाठोपाठ बटणाचा आवाज आला. टक. दाराच्या फटीतला उजेड गेला. मग नळाचं पाणी, किटली शेगडीवर ठेवल्याचा आवाज.

टक.

फटीत पुन्हा उजेड आला.

"अगं, आत्ता बंद केला ना मी? तूच लावलास का परत?"

थिया जागची हलली नव्हती. तिचे दोन्ही हात आजोबांच्या हाताभोवती होते. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, कानाशी म्हणाले, "हो म्हण."

"मीच लावला, आई," थिया म्हणाली. आवाज अजिबात कापला नाही.

"बरं. राहू दे मग," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

आणि वर, जिन्याच्या वळणाशी, कुणीतरी मेणकागद उलगडत होतं. सावकाश, फाटू नये अशा बेताने.